साठीत हाती आलं वल्हं

कर्लीकाठ

मागच्या महिन्यात मला एकसष्ट पूर्ण झाली. आज सकाळी कर्लीच्या खाडीत एकटीने अडीच तास कयाक (एक-दोघांची अरुंद, हलकी होडी) वल्हवून आले. आता रात्र झाली, तरी डोळे मिटले की अंग पाण्यावर असल्यासारखं हलतंय. घरात ऐकवून झालं. आता ज्यांना हे कळेल त्यांच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून हा धागा.

माझं माहेर मालवण तालुक्यात, देवबागला कर्ली समुद्राला मिळते त्याच्या थोडं आत. लहानपणी मावशीकडे पलीकडच्या काठाला जायचं तर होडीनेच. आम्ही मुली आणि बायका मधल्या फळीवर, पिशव्या मांडीवर घेऊन. मुलग्यांना मात्र होडीवाला वल्हं धरू द्यायचा. माझा धाकटा भाऊ दहाव्या वर्षी वल्हवत होता. मी नुसता पाण्यात हात घातला तरी आई मनगट धरून आत ओढायची. मग शिक्षण, लग्न, ठाणे, बँकेतली चौतीस वर्षं. मे महिन्यात गावी यायचे तेव्हा खाडी एसटीच्या खिडकीतून दिसायची, तेवढीच.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं गावी राहायला आलो. गेल्या वर्षी डिसेंबरात भाची आली होती. तिने दोघांची कयाक भाड्याने ठरवली आणि ऐनवेळी तिची मैत्रीण आली नाही. "आत्या, तू बस," म्हणाली. बसले.

पहिली गोष्ट जाणवली ती ही, की पाणी किती जवळ असतं. होडीत आपण पाण्याच्या वर बसतो. कयाकमध्ये बसायची जागा जवळजवळ पाण्याच्याच पातळीला असते, सहज हात सोडला तर बोटं बुडतात. आवाज फक्त वल्ह्यावरून पडणाऱ्या थेंबांचा. उजवीकडे वल्हं मारलं की कयाक डावीकडे वळते हे अंगात भिनायला काही मिनिटं गेली. मग एकदा मी डावीकडे जायचं ठरवलं आणि ती डावीकडे गेली. साठ वर्षांत ह्या खाडीत मी कुठे जायचं ते पहिल्यांदाच मी ठरवलं होतं. मला रडू आलं. भाची मागे बसली होती, तिला दिसलं नाही.

नंतर इथल्याच एका मुलाकडे सहा सकाळी शिकले. त्याने पहिल्या दिवशी वल्हं हातात दिलंच नाही, आधी पडायला शिकवलं. पोहायला मी ठाण्यात चाळिशीत शिकले होते, पण पाय टेकतील एवढ्याच पाण्यात. इथे छातीभर पाण्यात कयाक मुद्दाम उलटायची, सरळ करायची, कडेला दोन्ही हातांनी धरायचं, पाय मागे पसरून जोरात मारायचे आणि स्वतःला आडवं वर ओढायचं. आधी पोट वर, मग कुशीवर वळून बैठक, मग पाय आत. सहा वेळा घसरले. सातव्यांदा चढले तेव्हा दोन्ही कोपरं सोलली होती, पण पाण्याची भीती त्या दिवशी निम्म्याने उतरली.

लहानपणी आम्हाला पलीकडे नेणारा होडीवाला अजून आहे, ऐंशीच्या पुढे. काठावर बसून माझं शिकणं बघायचा. चौथ्या दिवशी माझे खांदे भरून आले होते. तो तिथूनच ओरडला, "हातान नाय मारूचा गो, कंबरेन मार!" शिकवणारा मुलगा तीन दिवस तेच वेगळ्या शब्दांत सांगत होता. पण मला कळलं ते त्या हाकेने. हात जवळजवळ सरळ ठेवायचे आणि कमरेपासून वळायचं, वल्हं आपोआप मागे येतं.

आता आठवड्यातून तीन दिवस जाते. ह्यांना पाण्याची ओढ नाही, पण मी परत येईस्तोवर थर्मास घेऊन काठावर बसलेले असतात. ओहोटीला चिखलात मुळे, म्हणजे शिंपले, काढणाऱ्या बायका हात करतात. आमच्या घराची मागची बाजू, माडांमधून दिसणारी, मी ह्या वर्षी पहिल्यांदा पाण्यावरून पाहिली.

उशिरा सुरुवात केलेलं आणखी कोण आहे इथे? गुडघे, खांदे, वारा, भरती, स्वतःची कयाक घ्यावी की भाड्याची बरी, सगळंच विचारायचंय.

डोंगरवेडा

ताई, तुमच्या आईने धरलेलं ते मनगट डोळ्यांपुढून जात नाही. वाचतोय. अजून लिहा.

संगमपूल

मी ६३. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात होतो. आमचा बोट क्लब १९२८ सालचा, मुळेच्या काठावर. दर वर्षी मार्चमध्ये रेगाटा, म्हणजे होड्यांचा सोहळा, व्हायची, संध्याकाळी नदीवर कयाकच्या रांगा वेगवेगळे आकार करत फिरायच्या आणि दोन्ही काठ माणसांनी भरलेले असायचे. मी मात्र रोइंगमध्ये होतो. रोइंगला माणूस पाठमोरा बसतो. जिथून निघालो ते दिसत राहतं आणि जिथे जायचंय ते पाठीमागे.

नोकरी लागली आणि पाणी सुटलं, ते अठ्ठावन्नाव्या वर्षापर्यंत. मुलाबरोबर पवनेच्या जलाशयावर मुक्कामी गेलो होतो, तिथे सकाळी कयाक दिसली. बसलो तर तोंड पुढे! तुंग किल्ला समोर, पाण्यात त्याचं प्रतिबिंब, आणि मी त्याच्याकडे चाललोय. चार वर्षं नदीवर काढूनही पाण्याकडे असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

एक शंका. रोइंगच्या सवयीने मी वल्हं फार घट्ट धरतो आणि मनगट दुखतं. कुणाला उपाय माहीत आहे?

निशिगंध

धागा फार आवडला. माझं वय ६६, उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वी बदललाय. मांडी घालता येत नाही. मी कयाकमध्ये बसू शकेन का? नातवंडं जातात आणि मी काठावर त्यांच्या चपला सांभाळते.

हालचाल

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि चार वर्षं स्वतःही वल्हवते. दोघांना एकत्र सांगते.

संगमपूल, मनगटाचं दुखणं बहुतेक पकडीमुळेच. वल्हं ओढणाऱ्या हाताची बोटं आकड्यासारखी ठेवा आणि ढकलणाऱ्या हाताची बोटं उघडी. पियानोवर ठेवल्यासारखी सैल बोटं असली तरी वल्हं कुठे जात नाही. मूठ आवळली की मनगटाच्या कण्डरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) घासतात, सूज येते आणि मग महिनाभर वल्हं बंद.

निशिगंध, आधी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना विचारा, हे पहिलं. त्यांनी होकार दिला तर ऐका: वल्हवण्यात गुडघ्याला फारसा त्रास नाही, त्रास चढण्या-उतरण्यात आहे. वरून उघडी असते ती सिट-ऑन-टॉप कयाक घ्या. आत पाय सरकवून बसायची बंद कयाक तुमच्यासाठी नाही. गुडघाभर पाण्यात कयाक उभी करायची, कुणीतरी ती घट्ट धरायची, तुम्ही तिच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहायचं आणि खुर्चीत बसतो तसं सरळ बसायचं. मग एकेक पाय उचलून आत. पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघ्यातून वळायचं मात्र अजिबात नाही. उतरताना हेच उलट. मांडी घालावी लागतच नाही. पाय लांब करून, गुडघे थोडे वाकवून आणि बाहेर टाकून बसायचं असतं. पावलं पुढच्या आधाराला टेकली पाहिजेत, कारण जोर तिथूनच कमरेत येतो.

आपल्या वयाच्या सगळ्यांना खांद्याबद्दल एकच कळकळीची विनंती. वल्ह्याचा हात डोळ्यांच्या वर जाऊ देऊ नका, आणि मागे बघायचं किंवा मागे वल्हं टाकायचं असेल तर आख्खं धड वळवा. फक्त हात मागे नेला आणि तेवढ्यात पाण्याने ओढलं, तर खांदा निखळू शकतो. पन्नाशीनंतर तो पूर्वीसारखा भरून येत नाही. आणि मांडीमागचे स्नायू रोज दहा मिनिटं ताणा. कयाकमध्ये कंबर दुखते म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची खरी अडचण तिथे असते.

त्या होडीवाल्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. आम्ही जे दहा वाक्यांत समजावतो ते त्यांनी एका हाकेत सांगितलं.

निशिगंध

हालचाल, तुमचा प्रतिसाद छापून ठेवला. सोमवारी डॉक्टरांकडे जाणारच आहे तपासणीला.

वाटसरू

आनंदाच्या धाग्यात भीतीची गोष्ट सांगतोय, पण सांगितलीच पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी बायकोबरोबर कोकणात एका खाडीत कयाक घेतली. आम्ही दोघं पंचावन्नचे, पहिलीच वेळ. देणाऱ्याने जॅकेटं दिली, त्यातल्या एकाची बकल तुटलेली, दोरीने बांधलं. "तासाभरात या," एवढंच म्हणाला. पाणी कुठे चाललंय ते सांगितलं नाही. आम्ही निघालो आणि कयाक इतकी छान पळायला लागली की आपल्याला जमतंय असंच वाटलं. ती ओहोटी होती. परत फिरल्यावर कळलं. वीस मिनिटं जीव तोडून वल्हवलं आणि काठावरचं तेच झाड शेजारी. खाडीचं तोंड दिसायला लागलं, पुढे लाटा फुटत होत्या. एका मासेमारी होडीने आमच्याकडे दोर फेकला म्हणून आज लिहितोय. बायको त्यानंतर पाण्यावर आलेली नाही आणि मी तिला आग्रह करत नाही.

मी पुन्हा शिकलो, रीतसर. म्हणून जे मला त्या दिवशी कुणी सांगायला हवं होतं ते सांगतो. जॅकेट घातल्यावर कुणाला तरी खांद्याच्या पट्ट्या वर ओढायला सांगा. ते हनुवटीच्या वर येत असेल तर पाण्यात तुमच्या डोक्यावरून निघून जाईल. शिट्टी जॅकेटलाच बांधा. मोबाईल जलरोधक पिशवीत, अंगावर. कयाकला बांधलात आणि कयाक सुटली तर मोबाईलही गेला. कयाक उलटली तर तिला सोडू नका, ती तरंगते आणि लांबून दिसते. आणि निघण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाण्याकडे बघा. खुंटांभोवती पाणी कुठल्या बाजूला फुटतंय, तरंगता पाला कुठे चाललाय. परतीची वाट प्रवाहाबरोबर असेल असंच निघायचं.

कर्लीकाठ

वाटसरू, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. वहिनींना माझा नमस्कार कळवा.

माझ्याही बाबतीत एकदा झालं, एवढं भयंकर नाही. जानेवारीत मी दुपारी बारानंतर संगमाच्या बाजूने वर यायला निघाले आणि समुद्राकडून वारा सुटला. पाठीवर वारा म्हणून मला सोपंच वाटत होतं, पण परत तिकडेच जायचं होतं. जाताना वीस मिनिटं लागली ते अंतर परतताना सव्वा तास. थांबलं की कयाक मागे जाते, म्हणून श्वास घ्यायलाही थांबता येत नव्हतं. शेवटी कांदळाच्या मुळांना धरून आडोशाला बसले, मग काठाकाठाने आले. तेव्हापासून नऊ-साडेनऊला मी परत आलेली असते. पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे मंद असतात. ऊन तापलं की खारे वारे सुरू. शाळेत भूगोलात शिकले होते, खाडीने पुन्हा शिकवलं.

आणि एक, पायात जुने बूट हवेतच. खडकांवर कालवं असतात, अनवाणी उतरलं की पाय ब्लेडने कापल्यासारखा कापतो.

तांडेलाचा नातू

भरतीचा विषय निघालाच आहे तर आजोबांचा हिशेब देतो. तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती आणि नवाच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा. शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट जमते. हा मुंबई-अलिबागकडचा हिशेब. दक्षिणेला मालवण-गोव्याकडे जाल तशी भरती थोडी आधी येते, पाऊण तास तरी धरा. अंदाजाला उत्तम, पण निघण्यापूर्वी भरतीचं छापील कोष्टक किंवा मोबाईलवरची वेळ बघाच.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं, प्रवाहाला जोर फार. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी शांत. नवीन माणसाने भांगातच सुरुवात करावी. सहा तासांच्या चढ-उतारात मधले दोन तास सगळ्यात ओढीचे. एकूण पाण्यातलं निम्मं त्या दोनच तासांत हलतं. पहिला आणि शेवटचा तास मवाळ.

आजोबांना घड्याळ नव्हतं पण पंचांग पाठ होतं. कर्लीकाठ ताई, भरती सकाळी साडेआठच्या सुमाराला येईल अशी तिथी निवडा. साडेसहाला चढत्या पाण्याबरोबर वर जायचं, उतरत्या पाण्याबरोबर खाली यायचं, दोन्ही वेळा नदीच तुम्हाला नेईल.

कर्लीकाठ

लिहून घेतलं! माझे वडील "आज किती पाऊण?" असं विचारायचे, त्याचा अर्थ आज लागला.

मॉन्टेरीची आजी

मी नाशिकची, वय ६४. मुलाकडे कॅलिफोर्नियात दर वर्षी सहा महिने असते. ताई, तुमचं "कुठे जायचं ते मी ठरवलं" हे वाक्य वाचून पुढचं वाचायला वेळ लागला.

तिथे मला गाडी चालवता येत नाही. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. भाजीला, देवळात, डॉक्टरकडे, सगळीकडे कुणीतरी न्यायचं आणि आणायचं. सगळे प्रेमाने नेतात, तरी आपण कायम कुणाच्या तरी गाडीत मागच्या सीटवर. चार वर्षांपूर्वी सुनेने वाढदिवसाला एल्कहॉर्न स्लूला नेलं. मॉन्टेरीच्या उपसागराला लागून मॉस लँडिंग म्हणून गाव आहे, तिथून जमिनीत शिरलेली खाडी. वीजकेंद्राची दोन उंच धुराडी लांबूनच दिसतात. वर्गात माझ्यापेक्षा मोठ्या दोन बायका होत्या, एक बहात्तर वर्षांची.

पंधराव्या मिनिटाला समुद्री ऊद (पाणमांजर) दिसला. पाठीवर आरामात पडलेला, पोटावर दगड ठेवून त्याच्यावर शिंपला आपटत होता, टक टक टक. आमचं वल्हं थांबलं. त्याच्यापासून किमान पाच कयाकच्या लांबीएवढं अंतर ठेवायचं असा तिथला दंडक आहे, कारण तो दचकून बुडी मारतो आणि परत परत असं झालं की त्याला अन्न पुरत नाही. त्या थंड पाण्यात अंग गरम ठेवायला त्याला सारखं खावं लागतं.

तुमच्या आणि माझ्या पाण्यातला मोठा फरक हा थंडपणाचा. ऊन कितीही असो, समुद्र तिथे बारा-तेरा अंशांचा. तिथे शिकवतात की हवेसाठी कपडे घालू नका, पाण्यासाठी घाला. म्हणून कायम वेटसूट. आणि एक-दहा-एक पाठ करून घेतात: थंड पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट फक्त श्वास ताब्यात आणायचा, पुढची दहा मिनिटं हातपाय नीट चालतात तेवढ्यात वर चढायचं, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास. परदेशी असलेल्या आपल्या लोकांना हे मुद्दाम सांगते, आपल्याला कोमट समुद्राची सवय असते.

वारा मात्र तुमच्यासारखाच. किनारा पश्चिमेचा, दुपारी समुद्राकडून जोरात येतो. मीही सकाळीच जाते. आता सून सोडते आणि दोन तासांनी न्यायला येते. मधले दोन तास मला कुणी नेत नाही.

कर्लीकाठ

आजी, मीही मधल्या फळीवरचीच.

रावळजे

मी ५५, मुंबई. माझं पाणी पांढरं, म्हणजे खळाळतं, फेसाळतं, कोलाडची कुंडलिका नदी. तिची गंमत अशी की ती घाईला येते ती विजेमुळे. मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं (केंद्र १९२७ पासूनचं), खाली रावळज्याला अडवतात, आणि तिथून सकाळी सोडलं की राफ्टिंग आणि कयाकिंग दोन्ही सुरू. पाणी सोडायच्या आधी तीच नदी दगडांतून झिरपत असते. सुटलं की काही वेळात फेसाळते. डिसेंबरातही राफ्टिंग होतं ते ह्यामुळे.

तिथली कयाक बंद असते, कमरेभोवती झाकण आवळतात, डोक्याला हेल्मेट. उलटलात तर आतच बसून परत सरळ व्हायचं, त्याला रोल म्हणतात. मला बावन्नाव्या वर्षी सुरुवात करून पहिला रोल जमायला आख्खा हंगाम लागला. सगळे हाताने जोर लावून वर यायला बघतात आणि डोकं आधी काढतात, घाबरल्यावर ते साहजिक आहे. पण कयाक सरळ होते ती कमरेच्या झटक्याने, आणि डोकं सगळ्यात शेवटी वर यायला हवं. तुमच्या होडीवाल्या आजोबांचंच वाक्य पाण्याखालीही खरं आहे.

ज्यांना एवढं नको त्यांच्यासाठी त्याच नदीवर खाली संथ डोह आहेत, तिथे सिट-ऑन-टॉप मिळतात. रोल शिकल्याशिवाय कयाकिंग अपुरं असं मुळीच नाही.

साळकाठी

मी मडगावहून. आमच्याकडे साळ नदीचं पाणी नवशिक्यांना फार मायेचं आहे, संथ, दोन्ही बाजूंना माड आणि तिवरं. चोडणच्या कांदळवनात भरतीच्या वेळी गेलात तर दोन्ही बाजूंनी फांद्या डोक्यावर येतात आणि खंड्या एका फांदीवरून दुसरीवर जात आपल्या पुढे पुढे चालतो. पण कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे कयाक घालू नका. महाराष्ट्रातही चिपळूणची वाशिष्ठी आणि महाडची सावित्री मगरींसाठी माहीत आहेत. कुठलंही नवं पाणी असो, आधी तिथल्या मासे पकडणाऱ्याला विचारा. आणि त्यांची जाळी, खुंट दिसले की लांबून वळा. आपली हौस होते, त्यांचं दिवसाचं पोट जातं.

संगमपूल

हालचाल, तीन दिवस बोटं सैल ठेवून वल्हवलं. मनगट गप्प आहे. मनापासून आभार.

उशिरा सुरुवातीचा विषय आहे म्हणून एक नाव सांगतो, अलेक्झांडर डोबा. पोलंडचा अभियंता, १९४६चा जन्म. कयाकला हात लावला तो तिशी उलटल्यावर, कामाच्या ठिकाणच्या मंडळाबरोबर. पुढे त्याने अटलांटिक महासागर कयाकने एकट्याने तीनदा ओलांडला. तिसऱ्यांदा २०१७च्या मे महिन्यात न्यू जर्सीहून निघाला आणि सप्टेंबरात फ्रान्सला लागला, तेव्हा एकाहत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर होता. मी त्याच्यासारखं काही करणार नाही. पण सकाळी साडेपाचला गजर वाजतो आणि पवनेवर थंडी असते, तेव्हा तो आठवतो.

वावभर

कयाकच्या मापाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो, मला हे फार सुंदर वाटतं. कयाक मूळची इन्युइट लोकांची, ग्रीनलंड आणि उत्तर ध्रुवाकडची. झाडं नाहीत, म्हणून वाहून आलेलं लाकूड नाहीतर हाडं यांचा सांगाडा आणि त्यावर सीलचं कातडं शिवलेलं. ती शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने व्हायची: दोन्ही हात पसरून जेवढं अंतर त्याच्या तिप्पट लांबी, बसायच्या जागी रुंदी म्हणजे कंबर अधिक दोन मुठी, खोली म्हणजे मूठ अधिक ताठ अंगठा.

पसरलेल्या दोन हातांना आपण वाव म्हणतो. आपले कोळी पाण्याची खोली वावेतच मोजत आले. म्हणजे कयाक तीन वाव लांब! बर्फातल्या माणसाने आणि आपल्या खलाशाने मापासाठी तेच दोन हात पसरले.

कर्लीकाठ ताई, स्वतःची घ्यायचं विचारलं होतंत. घाई करू नका, पण घ्याल तेव्हा वेगवेगळ्या दोन-तीन कयाकमध्ये अर्धा अर्धा तास बसून बघा. कंबर दोन्ही बाजूंना नुसती टेकली पाहिजे. आणि वजन आधी बघा. प्लास्टिकची एकटीची सिट-ऑन-टॉप पंचवीस किलोच्या आसपास भरते. पाण्यावर ती फुलासारखी असते, पण घरापासून पाण्यापर्यंत न्यायची कोणी? दोन चाकांची छोटी गाडी मिळते, ती बरोबरच घ्या. वल्हं आपल्या उंचीच्या बायकांना २२० सेंटीमीटरच्या आसपास पुरतं, हलकं बघून घ्या. कयाकवर वाचवलेले पैसे वल्ह्यावर घाला, कारण उचलायचं ते असतं, हजार वेळा.

निशिगंध

डॉक्टर हो म्हणाले! सपाट, शांत पाणी, बरोबर माणूस, आणि चढताना-उतरताना आधार, ह्या अटींवर. घरी मुलीला सांगितलं तर ती गप्प झाली, मग म्हणाली, "आई, चपला मी सांभाळते."

वाटसरू

निशिगंध ताई, अभिनंदन. हा धागा बायकोने काल वाचला. काही बोलली नाही. आज सकाळी विचारत होती, भांगाची भरती म्हणजे नक्की कधी.

कर्लीकाठ

वाटसरू, त्यांना म्हणावं अष्टमीच्या आसपास, आणि घाई अजिबात नाही.

आजची हकीकत सांगते. माझी मोठी वहिनी ६९ वर्षांची. जन्म खाडीकाठचा, लग्न खाडीकाठी, आणि पोहता येत नाही. महिनाभर ती मला निघताना दारात उभी राहून बघायची. गेल्या आठवड्यात म्हणाली, "माका नेशीत?" कंबरभर पाण्यात जॅकेट घालून आधी तीन सकाळी नुसतं तरंगायला शिकवलं, ती माझ्या हाताला घट्ट धरून. चौथ्या दिवशी हात सोडला.

काल मोक्षदा एकादशी झाली, आज द्वादशी. बारा पाऊण नऊ, आमच्याकडे पाऊण तास आधी, म्हणजे सव्वाआठला भरती. कोष्टकातही तेवढीच निघाली. शिकवणारा मुलगा त्याची कयाक घेऊन शेजारी, आम्ही दोघी जोडकयाकमध्ये, ती पुढे आणि मी मागे. साडेसहाला निघालो. पाणी चढत होतं, वल्हं नुसतं टेकवलं तरी पुढे जात होतो. धुकं होतं. समुद्री गरुड एका वठलेल्या झाडावर बसला होता, आम्ही खालून गेलो तरी हलला नाही.

वरच्या वळणावर तिवरांच्या आडोशाला थांबलो. तिने एकादशी सोडायला डब्यात घावणे आणले होते, मांडीवर डबा उघडून तिथेच सोडली. मग वल्हं आडवं ठेवलं, आणि बराच वेळ उजवा हात पाण्यात घालून बसली. मी मागून बघत होते. पाणी उभं राहिलं होतं, ना चढत ना उतरत. मग एक पान हळूहळू खालच्या बाजूला निघालं. तिने ते पाहिलं, हात साडीला पुसला आणि मला न विचारता वल्हं उचललं.